माकड, माणूस आणि मोजपट्टी

वर्गात उत्क्रांतीचा धडा चालू आहे. भिंतीवर सगळ्यांच्या ओळखीचा तक्ता आहे. डावीकडे चार पायांवर वाकलेले माकड, मग थोडे उठलेले, मग पोक काढून चालणारे, आणि उजव्या टोकाला ताठ उभा असलेला माणूस. मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "सर, मग आत्ताची माकडं माणसं का होत नाहीत?" वर्ग हसतो, घंटा होते. मधल्या सुट्टीत त्याच वर्गातला कोणी तरी एखाद्या काळ्या रंगाच्या मुलाला म्हणतो, "तू अजून मधल्याच चित्रात आहेस!" पुन्हा सगळे हसतात. एक जण मात्र हसत नाही.

हा प्रसंग कुठल्याही शाळेत घडू शकतो. पहिल्या प्रश्नाला आपण अज्ञान म्हणतो आणि दुसऱ्या बोलण्याला वात्रटपणा. एक विज्ञानाच्या तासाचा विषय, दुसरा शिस्तीचा. पण या दोन्ही गोष्टी एकाच चित्रातून आल्या आहेत. त्या चित्राला तीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात शास्त्रज्ञांचाही वाटा आहे. तो इतिहास शिक्षकांना ठाऊक असायला हवा, असे आम्हाला वाटते.

नाते नेमके कोणते?

आधी शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत माकड आणि वानर हे दोन शब्द आपण सर्रास वापरतो. लाल तोंडाचे ते माकड, काळ्या तोंडाचे व लांब शेपटीचे ते वानर. दोघांनाही शेपूट असते. चिंपांझी, बोनोबो, गोरिला, ओरांगउटान आणि गिबन यांना शेपूट नसते. हा वेगळा गट आहे. त्याला या लेखात आपण 'कपी' म्हणू. संस्कृतात कपी म्हणजे माकडच, परंतु या गटासाठी रोजच्या मराठीत वेगळा शब्द नाही. तो नसण्याचे कारणही सरळ आहे: हे प्राणी आपल्याकडे कधी नव्हतेच. भारतात फक्त गिबन आढळतो, तोही ईशान्येकडच्या जंगलांत.

माणूस आजच्या कोणत्याही माकडापासून किंवा कपीपासून झालेला नाही. माणूस आणि चिंपांझी यांचे समान पूर्वज साधारण ६० ते ७० लाख वर्षांपूर्वी आफ्रिकेत राहत होते. तेथून दोन फांद्या फुटल्या. एका फांदीवर आज आपण आहोत, दुसऱ्या फांदीवर चिंपांझी आणि बोनोबो. गोरिलाची फांदी त्याआधी वेगळी झाली, ओरांगउटानची त्याच्याही आधी. म्हणजे चिंपांझी हा आपला आजोबा नसून दूरचा चुलत भाऊ आहे. मागच्या बाकावरच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे. "तुझे चुलत भाऊ कधी तुझ्यासारखे होणार, असे तू विचारतोस का?" एवढे म्हटले तरी मुलांच्या लक्षात येते.

पहिली तुलना

१६९८ साली अंगोलाहून आणलेले एक चिंपांझीचे पिल्लू लंडनला पोहोचले आणि थोड्याच काळात मेले. एडवर्ड टायसन या वैद्याने त्याचे विच्छेदन केले आणि १६९९ साली त्यावर ग्रंथ लिहिला. कपीच्या शरीररचनेचा हा पहिला काळजीपूर्वक अभ्यास. टायसनने दोन याद्या केल्या. हा प्राणी माकडांपेक्षा माणसाशी अधिक जुळतो अशा ४८ बाबी आणि माणसापेक्षा माकडांशी अधिक जुळतो अशा ३४ बाबी. विज्ञानात तुलना करावी ती अशीच: अनेक लक्षणे घेऊन, दोन्ही बाजू मांडून.

पण याच ग्रंथात दुसरी गोष्टही दिसते. त्या काळी सारी सृष्टी एका साखळीत, खालून वर, ओवलेली आहे अशी समजूत होती. माकड आणि माणूस यांच्यामधली कडी आपल्याला सापडली असे टायसनला वाटले. मग चित्रात ते पिल्लू दोन पायांवर, हातात काठी घेऊन उभे राहिले. प्रत्यक्षात ते बोटांची पेरे जमिनीला टेकून चालत असे. टायसनला हे ठाऊक होते; पण ते आजारपणामुळे तसे चालत असावे, असे त्याने धरून चालले. शिवाय ते पिल्लू होते, आणि चिंपांझीचे पिल्लू पूर्ण वाढलेल्या चिंपांझीपेक्षा माणसासारखे अधिक दिसते. टायसन लबाड नव्हता. त्याच्या मनात आधीपासून एक शिडी होती आणि तिच्यातली रिकामी पायरी भरायची होती.

पुढे स्वीडनच्या लिनिअसने १७३५ साली माणसाला आणि कपी-माकडांना प्राण्यांच्या एकाच गणात बसवले. त्या काळात हे धाडसाचे होते. आता पुढचा प्रश्न आला: शिडी असेल तर सगळी माणसे तिच्या एकाच पायरीवर आहेत का?

पुतळ्याचा कोन

हॉलंडच्या पेट्रुस काम्पर या शरीरशास्त्रज्ञाने चेहऱ्याचा कोन मोजण्याची पद्धत काढली. चेहरा बाजूने पाहायचा. कानाच्या भोकापासून नाकाच्या तळापर्यंत एक रेघ, कपाळापासून वरच्या जबड्यापर्यंत दुसरी रेघ, आणि त्यांच्यातला कोन. शेपटीच्या माकडाचा ४२ अंश, ओरांगउटानचा ५८, आफ्रिकन माणसाचा ७०, युरोपीय माणसाचा ८०, आणि ग्रीक पुतळ्याचा १०० अंश. त्याच्या मृत्यूनंतर १७९१ साली हे पुस्तकरूपाने आले.

हे आकडे फळ्यावर एकाखाली एक लिहिले तर मुलांना त्यातली चूक दाखवता येते. या यादीत पाच नोंदी आहेत. त्यांतली शेवटची नोंद जिवंत प्राण्याची नाही. १०० अंशांचा चेहरा दगडात घडवलेला आहे, शिल्पकाराच्या कल्पनेतून आलेला. तो टोकाला ठेवला, की त्याच्या जवळचा तो श्रेष्ठ आणि दूरचा तो कनिष्ठ असा क्रम आपोआप लागतो. काम्पर स्वतः सगळी माणसे एकाच वंशाची मानत असे आणि त्याचा हेतू चित्रकारांना मदत करण्याचाही होता. पण त्याची रांग त्याच्या हातात राहिली नाही. १८५४ साली अमेरिकेत गुलामगिरीचे समर्थन करणाऱ्यांनी काढलेल्या एका जाडजूड ग्रंथात ग्रीक देवाचा पुतळा, आफ्रिकन माणूस आणि चिंपांझी यांची डोकी व कवट्या अशाच क्रमाने छापल्या गेल्या.

शिवाय हे लक्षण निवडले कोणी? चिंपांझीचे ओठ पातळ असतात. त्याच्या अंगावरचे केस सरळ आणि भरपूर असतात. केसांखालची त्याची कातडी फिकट असते. ही तीन लक्षणे निवडली तर चिंपांझीच्या जवळ कोण जाईल? आफ्रिकन माणसापेक्षा युरोपीय माणूस. अर्थात हा निष्कर्षही तितकाच पोकळ आहे. जबडा मोजायचा आणि ओठ सोडायचे, हे कवटीने ठरवलेले नाही, मोजणाऱ्याने ठरवलेले आहे.

दोन मोजणारे

एकोणिसाव्या शतकात मेंदूच्या आकाराकडे लक्ष वळले. त्यातले दोन शास्त्रज्ञ शेजारी-शेजारी ठेवून पाहण्यासारखे आहेत.

जर्मनीत हायडेलबर्गला फ्रीडरिख टीडेमान नावाचे प्राध्यापक होते. आफ्रिकन माणसाचा मेंदू युरोपीय माणसापेक्षा ओरांगउटानच्या जवळचा आहे, असे त्या काळी बरेच विद्वान म्हणत. टीडेमान यांनी ते तपासायचे ठरवले. कवट्यांमध्ये बाजरीसारखे बारीक धान्य भरून त्याचे वजन करायचे, ही त्यांची रीत. १८३६ साली त्यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे निबंध मांडला. आफ्रिकन व युरोपीय मेंदूंमध्ये आकाराचा वा रचनेचा कोणताही मूलभूत फरक नाही आणि आफ्रिकन मेंदू ओरांगउटानच्या जवळचा मुळीच नाही, असा त्यांचा निष्कर्ष होता. ब्रिटिश संसदेने गुलामगिरी बंद करण्याचा कायदा करून तेव्हा तीनच वर्षे झाली होती.

दुसरे फिलाडेल्फियाचे डॉक्टर सॅम्युएल मॉर्टन. त्यांनी शेकडो कवट्या जमवल्या आणि आधी बिया, पुढे शिशाचे छर्रे भरून मोजल्या. १८३९ साली त्यांनी सरासऱ्या छापल्या: 'कॉकेशियन' म्हणजे प्रामुख्याने गोरे लोक ८७ घन इंच, आफ्रिकन ७८ घन इंच, आणि बाकीचे मधे. गुलामगिरीच्या समर्थकांनी या सरासऱ्या डोक्यावर घेतल्या.

मॉर्टन यांनी मोजण्यातच नकळत पक्षपात केला, असे स्टीफन जे गूल्ड यांनी १९७८ साली आणि नंतर १९८१च्या आपल्या प्रसिद्ध पुस्तकात लिहिले. २०११ साली काही संशोधकांनी मॉर्टनच्या संग्रहातल्या निम्म्याच्या आसपास कवट्या पुन्हा मोजल्या, तेव्हा मॉर्टनचे आकडे बहुतांशी बरोबर निघाले. मग मॉर्टन निर्दोष ठरतात का? २०१८ साली मॉर्टन आणि टीडेमान यांचे आकडे शेजारी ठेवून पाहिले गेले. दोघांचे आकडे बरेच सारखे होते, पण निष्कर्ष नेमके उलटे!

असे कसे झाले? मॉर्टन यांनी सरासरीकडे पाहिले, टीडेमान यांनी पसाऱ्याकडे. मॉर्टन यांच्याच तक्त्यात गोऱ्यांच्या कवट्या ७५ पासून १०९ घन इंचांपर्यंत आहेत आणि आफ्रिकनांच्या ६५ पासून ९४ पर्यंत. म्हणजे ७५ ते ९४ या मोठ्या पट्ट्यात दोन्ही गट एकमेकांत मिसळलेले आहेत. नुसती कवटी हातात देऊन ती कोणाची हे आकारावरून सांगता येणार नाही. शिवाय लहान चणीच्या लोकांची डोकी लहान असणारच. आणि मेंदू मोठा म्हणजे बुद्धी मोठी असेही नाही. रशियन लेखक तुर्गेनेव्ह यांच्या मेंदूचे वजन दोन किलोच्या घरात भरले, तर फ्रेंच लेखक आनातोल फ्रान्स यांच्या मेंदूचे जेमतेम एक किलो. दोघेही थोर लेखक.

आकडे खोटे असतील तर ते पुन्हा मोजून दुरुस्त करता येतात. पण खऱ्या आकड्यांकडे काय पाहायचे आणि काय सोडायचे, हे मनात आधीच ठरलेले असेल तर कितीही अचूक मोजून उपयोग नाही.

मॉर्टनच्या तक्त्यात आपणही आहोत, हे फार थोड्यांना ठाऊक असते. त्यांच्याकडे १७ 'हिंदू' कवट्या होत्या आणि त्यांची सरासरी अवघी ७५ घन इंच होती, म्हणजे आफ्रिकनांपेक्षाही कमी. मॉर्टन हिंदूंना कॉकेशियन गटातच धरत. मग सरासरी खाली येऊ नये म्हणून त्यांनी त्यांतल्या फक्त तीनच धरल्या, आणि तसे लिहूनही ठेवले. गोरेपणाची शेखी मिरवणाऱ्या आपल्याकडच्या कोणालाही ही गोष्ट जरूर सांगावी.

तुलनेची भीती

तुलना करणारेच चुकले आणि तुलना नाकारणारे बरोबर होते, असेही नाही. १८५७ साली इंग्लंडचे नामवंत शरीरशास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी जाहीर केले, की माणसाच्या मेंदूत तीन भाग असे आहेत जे कोणत्याही कपीत नाहीत. त्यांतला एक 'हिप्पोकॅम्पस मायनर' नावाची छोटीशी उंचवट्यासारखी घडी. तेवढ्यावरून त्यांनी माणसासाठी सस्तन प्राण्यांचा स्वतंत्र उपवर्ग केला. थॉमस हक्सली यांनी आव्हान दिले, कपींची विच्छेदने झाली आणि तिन्ही भाग कपींतही सापडले. माणूस इतरांहून पूर्ण वेगळा असलाच पाहिजे या हट्टापायी एक मोठा शास्त्रज्ञ डोळ्यांसमोरचे पाहू शकला नाही.

पण जिंकलेल्या हक्सलींचेही पुस्तक उघडून पाहू. १८६३ साली निघालेल्या त्या पुस्तकाच्या सुरुवातीला सांगाड्यांची एक रांग आहे: गिबन, ओरांगउटान, चिंपांझी, गोरिला, माणूस. गिबन रांगेत शोभावा म्हणून दुप्पट मोठा काढला आहे. आणि माणूस कपींच्या किती जवळ आहे हे पटवताना हक्सली म्हणतात, की सर्वांत वरच्या आणि सर्वांत खालच्या माणसांत जेवढा फरक आहे, त्याहून खालच्या माणसात आणि वरच्या कपीत कमी आहे. म्हणजे उत्क्रांती सिद्ध करताना शिडी तशीच राहिली. आपल्या भिंतीवरचा तक्ता १९६५ साली एका अमेरिकन पुस्तकासाठी रुडॉल्फ झालिंगर यांनी काढलेल्या चित्रावरून जगभर पसरला. पण त्याचे मूळ या सांगाड्यांच्या रांगेत दिसते.

पिंजऱ्यातला माणूस

शिडीचे परिणाम पुस्तकात राहिले नाहीत. ओटा बेंगा हा कांगोतला म्बुटी जमातीचा तरुण. ही जमात बुटक्या चणीची. १९०४ साली सेंट लुई येथील जागतिक प्रदर्शनात 'दाखवण्यासाठी' त्याला अमेरिकेत आणले गेले. सप्टेंबर १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयाने त्याला माकडांच्या घरात, एका ओरांगउटानबरोबर, पिंजऱ्यात ठेवले. बाहेर पाटी होती. तिच्यावर त्याचे नाव, उंची, वजन आणि तो रोज दुपारी पाहायला मिळेल अशी सूचना. हजारो लोक आले.

संग्रहालयाचे संचालक विल्यम हॉर्नडे यांना यात काही गैर वाटले नाही. न्यूयॉर्कच्या कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांनी मात्र लगेच निषेध केला. ब्रुकलिनच्या एका अनाथाश्रमाचे प्रमुख जेम्स गॉर्डन त्यांत पुढे होते. आमच्या माणसाला कपींबरोबर ठेवून आमचा अपमान करता, हा त्यांचा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप असा, की हे प्रदर्शन डार्विनचे म्हणणे खरे ठरवण्यासाठी आहे आणि ते ख्रिस्ती धर्माविरुद्ध आहे. या दुसऱ्या आक्षेपावर आपण विज्ञानवाले पटकन हसतो. पण ज्यांच्यापुढे उत्क्रांती एका पिंजऱ्याच्या रूपाने आली, त्यांना तिच्याविषयी प्रेम कसे वाटावे? विज्ञानाबद्दलचा अविश्वास दर वेळी अज्ञानातूनच येतो असे नाही.

महिना संपण्याआधी ओटा बेंगाला तेथून सोडवले गेले. पुढे तो व्हर्जिनियातल्या लिंचबर्गला राहिला, तेथे काम करू लागला. मायदेशी परतण्याची त्याची आशा सुटत गेली आणि मार्च १९१६ मध्ये त्याने आत्महत्या केली. त्याच वर्षी त्या संग्रहालयाच्या संस्थेचे एक चालक मॅडिसन ग्रँट यांचे वंशश्रेष्ठत्वाचा पुरस्कार करणारे पुस्तक निघाले. आशियातल्या लोकांना जवळजवळ दार बंद करणाऱ्या १९२४च्या अमेरिकन कायद्यामागे ज्यांचा प्रभाव होता, त्यांत ग्रँट होते. संग्रहालय चालवणाऱ्या संस्थेने ओटा बेंगाबद्दल जाहीर माफी मागितली ती २०२० साली.

ही मोजपट्टी आपल्याकडे

कवट्या आणि चेहरे मोजण्याचे हे शास्त्र इंग्रजांबरोबर भारतात आले. हर्बर्ट रिस्ली या अधिकाऱ्याने १८९१ साली, नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा नियमच मांडला. येथे कपी प्रत्यक्ष नव्हता, पण शिडी तीच होती. मुंबई विद्यापीठाचे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ साली दाखवले, की देशाच्या बहुतेक भागांत हा नियम टिकत नाही. पुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ सालच्या अस्पृश्यांविषयीच्या ग्रंथात नाकांची हीच मोजमापे घेतली आणि ती उलट बाजूने वापरली: ब्राह्मण आणि अस्पृश्य वेगळ्या वंशांचे असल्याचे या आकड्यांवरून मुळीच दिसत नाही, म्हणून अस्पृश्यतेचे मूळ वंशात शोधता येणार नाही.

दुसरे उदाहरण इरावती कर्वे यांचे. 'युगान्त'च्या लेखिका म्हणून आपण त्यांना ओळखतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस त्या डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे पुढे नाझी वंशविज्ञानाचे मोठे नाव झाले. युरोपीय लोकांची कवटी उजव्या-डाव्या बाजूंनी असमान असते आणि त्यांच्या श्रेष्ठ बुद्धीचे ते लक्षण आहे, अशी फिशर यांची कल्पना होती. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या आणि वंशाचा व असमानतेचा संबंध दिसत नाही असे लिहिले. परक्या देशात, पदवी ज्यांच्या हातात त्या गुरूंच्या कल्पनेविरुद्ध, पंचविशीतल्या एका विद्यार्थिनीने आपले आकडे जसे आले तसे मांडले. विज्ञानाची वृत्ती म्हणजे काय, हे वर्गात सांगायला याहून जवळचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

आपण म्हणू, आपल्याकडे मारुतीची पूजा होते, माकड म्हटले तर त्यात एवढे काय? ऑक्टोबर २००७ मध्ये मुंबईच्या वानखेडे मैदानावर ऑस्ट्रेलियाच्या अँड्र्यू सायमंड्सकडे पाहून काही प्रेक्षकांनी माकडासारखे हावभाव केले. ते भक्तिभावाने नव्हते. अकरा खेळाडूंत ते त्यालाच उद्देशून का झाले, याचे उत्तर त्याच्या रंगात आहे. ही सवय निरुपद्रवीही नाही. २००८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या काही प्रयोगांत विद्यार्थ्यांना आधी क्षणभर, जाणवणारही नाही अशा रीतीने, कपींशी संबंधित शब्द दाखवले. त्यानंतर पोलीस एका संशयिताला मारत आहेत अशी चित्रफीत दाखवली. संशयित कृष्णवर्णीय आहे असे सांगितले असेल, तर ती मारहाण त्यांना अधिक योग्य वाटली.

आज काय माहीत आहे

२००५ साली चिंपांझीचा जनुकीय आराखडा प्रसिद्ध झाला. जी अक्षरे एकास एक जुळवता येतात, त्यांत माणूस आणि चिंपांझी यांच्यात सुमारे १.२ टक्के फरक निघाला; गाळलेले आणि घुसलेले तुकडे धरले तर फरक चार टक्क्यांच्या आसपास जातो. हा फरक जगातल्या सगळ्या माणसांच्या बाबतीत सारखाच आहे. चिंपांझीच्या अधिक जवळचा असा कोणताही मानवसमूह नाही, असूही शकत नाही, कारण आपण सगळे त्या फांदीपासून एकदमच वेगळे झालो.

कोणत्याही दोन माणसांत फरक सुमारे ०.१ टक्का. रिचर्ड लेवॉन्टिन यांनी १९७२ साली दाखवले, की माणसांमधल्या जनुकीय वैविध्यापैकी सुमारे ८५ टक्के वैविध्य एकेका लोकसमूहाच्या आतच असते. आणि गंमत अशी, की आपल्याला सगळे चिंपांझी सारखे दिसतात. पण २०१२च्या एका अभ्यासानुसार कॅमेरूनमध्ये एकाच नदीच्या दोन काठांवरच्या चिंपांझींत जेवढा जनुकीय फरक आहे, तेवढा वेगवेगळ्या खंडांतल्या माणसांतही नाही.

शिडी मोडल्याचा फायदा कपींनाही झाला. हत्यारे बनवतो तो माणूस, अशी व्याख्या वर्षानुवर्षे चालत होती. १९६० साली टांझानियातल्या गोम्बेच्या जंगलात जेन गुडॉल यांनी चिंपांझीला गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढून खाताना आणि पाने ओरबाडून डहाळीचे हत्यार करताना पाहिले. त्यांनी चिंपांझींना क्रमांक न देता नावे दिली, म्हणून त्यांच्यावर टीकाही झाली. पण खालच्या पायरीवरचा अर्धवट माणूस म्हणून न पाहता चिंपांझीकडे चिंपांझी म्हणून पाहिल्यामुळेच त्यांना हे दिसले.

वर्गात काय करता येईल

तक्ता काढून टाकण्याची गरज नाही. त्याच्याशेजारी फळ्यावर एक झाड काढावे. एका खोडातून ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी-बोनोबो आणि माणूस अशा फांद्या क्रमाने फुटतात आणि सर्वांची टोके एकाच उंचीवर, म्हणजे आजवर, येतात. कोणते चित्र काय सांगते आणि काय लपवते, यावर मुलांना बोलू द्यावे.

दुसरा उपक्रम दोन मोजणाऱ्यांचा. खिडकीकडच्या रांगेतल्या आणि भिंतीकडच्या रांगेतल्या मुलांच्या विती मिलिमीटरपर्यंत मोजाव्यात. दोन्ही सरासऱ्या बहुधा सारख्या येणार नाहीत. "मग कोणती रांग श्रेष्ठ?" असे विचारावे. त्यानंतर सगळी मोजमापे एकाच रेघेवर ठिपक्यांनी दाखवावीत, म्हणजे दोन्ही रांगा एकमेकींत मिसळलेल्या दिसतील. मॉर्टन आणि टीडेमान यांची गोष्ट त्यानंतर सांगितली तर ती विसरली जाणार नाही.

तिसरा उपक्रम टायसनचा. माणूस आणि चिंपांझी यांच्या लक्षणांची यादी करायची: ओठ, केस, जबडा, अंगठा, शेपूट, चाल. मग एका गटाने कोणतीही तीन लक्षणे निवडून आपल्याला हवा तो निष्कर्ष काढून दाखवायचा आणि दुसऱ्या गटाने तो खोडायचा.

जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथे केंद्रातल्या एका राज्यमंत्र्यांनी, माकडाचा माणूस होताना कोणी पाहिलेले नाही, म्हणून डार्विन चूक, असे म्हटले. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी निवेदन काढून ते खोडले. २०२३ साली केंद्रीय अभ्यासक्रमाच्या दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला, तेव्हाही शास्त्रज्ञांनी विरोध केला. हा धडा शिकवला गेलाच पाहिजे. पण तो शिडीच्या चित्राने शिकवला, तर मधल्या सुट्टीतले ते बोलणेही आपणच शिकवलेले असते. म्हणून धडा संपवताना, घंटा होण्याआधी, एक वाक्य स्पष्ट म्हणावे: या वर्गातले आपण सगळे चिंपांझीपासून सारख्याच अंतरावर आहोत. आणि म्हणताना त्या न हसणाऱ्या मुलाला ते ऐकू जाईल, एवढ्या मोठ्याने म्हणावे.